सुमनचा वड

२७ जानेवारी ९८

सुमन माहेरी जाऊन आज नऊ दिवस झाले.

चादर काढायला गच्चीवर गेलो तर तिचा वड दिसला. रोज तिथंच असतो, टाकीच्या आडोशाला. मीच नऊ दिवस वर गेलो नव्हतो. निम्मी पानं पिवळी, काही गळून ट्रेमध्ये पडलेली. माती दगडासारखी. बादलीभर पाणी ओतलं. सगळं कडेकडेनं वाहून गेलं.

दीड वीत उंच झाड, आठ वर्षांचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या विहिरीच्या दगडांतून उपटून आणलं होतं तिनं. तेव्हा चार पानं होती. जुन्नरला बायकांचा बोन्सायचा वर्ग झाला होता, दोन दिवसांचा, तिथं शिकून आली आणि मग तेच वेड.

आई खालून ओरडली, "दत्ता, वर काय करतो एवढा येळ? त्या झाडाला हात लावू नको. आत्या म्हणली तसं वढ्याला टाकून ये."

खाली आलो. झाड आहे तिथंच आहे.

२८ जाने.

मंचरच्या बाजारात मागून कुणीतरी "अहो" म्हणालं. मी वळलो. दुसऱ्याच कुणाची बायको, दुसऱ्याच कुणाला.

३० जाने.

नीट लिहून ठेवतो. नाहीतर थोड्या दिवसांनी मीच माझ्या सोयीनं विसरेन.

१७ तारखेला आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू. आत्या लोणीहून आलेली. वीसेक बायका. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन. मध्ये नुसता पडदा. आत्या सगळ्यांसमोर बोलली, "वडासारखं झाड ताटलीत कोंडलंय हिनं. शेंडा खुडती, मुळं कापती. मग घराचा वंश वाढंल कसा? हिच्या हातचं वाण घेऊ नका गं बायांनो."

कुणी हसलं नाही. दोघीतिघी न घेताच उठल्या. मला बांगड्यांचे आवाज ऐकू येत होते. आई पण गप्प.

सगळ्या गेल्यावर सु. पडद्याजवळ येऊन उभी राहिली. हातात परात, परातीत उरलेली सुगडं आणि कंगवे. म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "जेवायला वाढ."

तिनं वाढलं. भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. मी जेवलो. दुसरी भाकरीपण घेतली. सकाळी आठच्या जुन्नर गाडीनं ती गेली. एक पिशवी. झाड नेलं नाही.

२ फेब्रुवारी

कार्ड टाकलं. तीन फाडली. एकात "चूक झाली" लिहिलं होतं, ते वाचून माझं मलाच खोटं वाटलं. शेवटी एवढंच पाठवलं – झाडाची पानं पिवळी पडून गळतात. पाणी घातलं तर आत जात नाही. काय करू?

६ फेब्रु.

आज दुकानात तीन मोटारी वाइंडिंगला आल्या. ऊन वाढायला लागलं की विहिरींच्या मोटारी जळायला लागतात, आता जूनपर्यंत हेच. दुपारी डबा उघडला. आईच्या हातचं आहे, चांगलंच आहे. सु. डबा घेऊन यायची तेव्हा स्टुलावर बसून भंगाराच्या डब्यातली तार निवडायची. जळक्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार मऊ पडते, फांदी वळवायला तिला तीच हवी असायची. "अहो, ही बारीकवाली नेऊ का?" मी मान वर न करता हो म्हणायचो. एकदा तरी मान वर करायला काय झालं होतं.

१० फेब्रु.

तिचं उत्तर आलं. आंतरदेशीय पत्र, आत सात ओळी.

"ट्रे पाण्याच्या घमेल्यात काठापर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा. नंतर रोज बोटानं माती बघून पाणी घाला, ओली असेल तर नको. फांद्यांवर वायर आहे, दिवाळीआधी घातलेली. आतापर्यंत रुतली असेल. ती आधी काढा. उलगडू नका, साल निघेल. कापून तुकडे करून काढा. चीक येईल तो पाण्यानं धुवा. – सुमन"

कसे आहात नाही. आई कशा आहेत नाही. दहा-बारा वेळा वाचलं तरी सातच ओळी.

११ फेब्रु.

सकाळी दुकानात जायच्या आधी वायर काढली. खरंच रुतली होती. डावीकडच्या मोठ्या फांदीत तर सालीच्या आत गेलेली, वरून दिसत नव्हती. बारीक नाकाच्या पकडीनं एकेक वेढा तोडला. पांढरा चीक आला. फांदीवर गोल गोल खाचा राहिल्या. इतकी वर्षं हातात तार घेऊन बसलो, तार अशी पण लागते हे माहीत नव्हतं.

१६ फेब्रु.

आत्या आली. लोणीच्याच एका मुलीचं स्थळ घेऊन. नवरा अपघातात गेला, लग्नाला वर्षच झालं होतं, मुलगी चोवीसची. "पयलीला सोडायचं न्हाई काय न्हाई. ती ऱ्हाईल म्हायेरी. पोरीच्या घरच्यांना चालतंय. रविवारी बघायला जायाचं."

आई माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "दुकानात लई काम आहे." हे काही नाही म्हणणं नव्हे. आत्याला ते चांगलं कळतं.

२२ फेब्रु., रविवार

गेलो होतो लोणीला. आईनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, तो घातला.

पोहे, चहा. मुलीचे वडील साधे, कांद्याच्या लागवडीबद्दल बोलत राहिले. माझ्याकडं लोणीच्या एकदोघांच्या मोटारी येतात, त्या ओळखी निघाल्या. मग म्हणाले, दोघांनी बोलून घ्या. आम्हाला मागच्या अंगणात बसवलं. आई आणि आत्या आत.

मुलीचं नाव नंदा. मान खाली घालून नाही बसली. सरळ विचारलं, "पहिल्या बाई कुठं आहेत?"

"माहेरी."

"वाईट आहेत का?"

"नाही."

"मारहाण, भांडण, तसलं काय?"

"नाही. तसं काहीच नाही."

"मग इथं कशाला आलात?"

मी रिकामा कप बशीत फिरवत राहिलो. ती म्हणाली, "माझ्या घरचे हो म्हणतील. मला नाही म्हणायची सोय नाही. तुम्हाला आहे." आणि कपबशा उचलून आत गेली.

जीपमधून येताना आत्या तारखा काढत होती. अवसरीचा फाटा आला तेव्हा मी म्हणालो, "हे लग्न करायचं न्हाई मला." आत्या म्हणाली, "आरं पण..." मी परत तेच म्हणालो. आवाज एवढा मोठा निघाला की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

२३ फेब्रु.

आई बोलत नाही.

हे लिहायचं नव्हतं. या वहीत पण लिहायचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सु.च्या सगळ्या तपासण्या पुण्याला झाल्या. डॉक्टर म्हणाले, यांच्यात काही दोष नाही, मालकांना पाठवा. मी दोन महिने टाळलं. मग तांब्याची तार आणायला जातो म्हणून एकटाच पुण्याला गेलो, तपासून आलो. दोष माझ्यात आहे. डॉक्टर नीट बोलले, समजावलं, पण आशा ठेवू नका म्हणाले.

घरी येऊन सु.ला सांगितलं, मीपण तपासलं, सगळं ठीक आहे.

त्यानंतर तिनं आणखी दोन वर्षं इंजेक्शनं घेतली. सोमवार धरले, मंगळवार धरले. लेण्याद्रीच्या पायऱ्या अनवाणी चढली. मी बरोबर होतो. वर पोचल्यावर पाय दाबत बसली होती आणि माझ्याकडं बघून हसली होती.

रिपोर्ट दुकानात आहे, वाइंडिंगच्या जुन्या वह्यांच्या खाली.

काल त्या नंदाला पण यातच घालणार होतो.

५ मार्च

वडाला बरं आहे. गळती थांबली. पण पाणी वरच साचून राहतं आणि ट्रेच्या खालच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत, दाढीसारखी. कार्ड टाकलं. शेवटी एक ओळ जास्त लिहिली – तू येऊन करशील का?

१४ मार्च

परवा होळी झाली. आईनं पुरणपोळी केली. बोलली नाही, पण ताटात तूप जास्त वाढलं.

१८ मार्च

उत्तर. या वेळी दोन पत्रं, दोन्ही भरलेली.

"मी येणार नाही. तुम्हीच करा. माती बदलायला झाली आहे, दोन वर्षं झाली. पाडव्याच्या आसपास करा, तेव्हा फूट यायची असते. आधी दोन दिवस पाणी कमी करा. झाड उपसून काढू नका, कडेनं सुरी फिरवून ट्रे आडवा करून काढा. बांबूच्या काडीनं मुळं विंचरा, केस विंचरतो तशी, आतून बाहेर. खाली जाणारी जाड मुळं कापा. बारीक केसाळ ठेवा, खाणारी तीच असतात. सगळी मिळून तिसरा हिस्सा कापा, जास्त नाही. मुळं कापली तेवढा वरचा भारही कमी करा, लांब गेलेले शेंडे दोन पानांवर कापा. तिथून जवळजवळ फुटवे येतात आणि झाड दाट होतं. शेंडा तसाच सोडला तर नुसता वर पळतो आणि आत पोकळ राहतो. नवी माती – विटांचा चुरा दोन भाग, शेणखत एक, भरड वाळू एक. सगळं चाळून घ्या, वस्त्रगाळ धूळ टाकून द्या, ती बसते आणि पाणी अडतं. झाड ट्रेला तारेनं बांधा, हललं तर नवी मुळं तुटतात. मग तीन आठवडे सावली. खत नाही. पानं गळतील. घाबरू नका. नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे.

मुळं कापताना हात थरथरला तर थांबा, नंतर करा."

ती कधी एवढं बोलल्याचं आठवत नाही. का मी ऐकल्याचं आठवत नाही.

२९ मार्च, रविवार

काल पाडवा. आज माती बदलली. सविस्तर लिहितो.

सकाळी गच्चीवर पोतं अंथरून बसलो. विटा फोडत होतो. आई पायऱ्या चढून वर आली, गुडघा धरत. महिनाभर नीट बोलली नव्हती. बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आसं फोडतात व्हय? निम्मी माती करून टाकली." माझ्या हातातला बत्ता घेतला आणि बसली. परत खाली गेली, गव्हाची चाळण घेऊन आली, आणि चाळायला लागली.

मी झाड काढलं. मुळांचा ट्रेच्या आकाराचा चौकोनी गठ्ठा झाला होता, माती नावालाच. काडीनं विंचरायला तासभर लागला. आई चाळता चाळता म्हणाली, "तू नवव्या वर्साला झाला, ठावं हाय का?"

नव्हतं माहीत.

"नऊ वर्सं मला वटीत कुणी नारळ घातला न्हाई. ही तुझी आत्याच. तवा ती कुवार व्हती, पन त्वांड हेच. तुजा बा बी आसाच गप बसायचा." चाळण थांबली. "मग मीबी तेच केलं. त्या दिवशी बोलाया पायजे व्हतं. न्हाई बोलले."

हातात कात्री होती. एक जाड मूळ धरलेलं. ते न कापता मी तिला सगळं सांगितलं. पुणे, डॉक्टर, रिपोर्ट. सु.ला काय सांगितलं ते.

आईनं चाळण खाली ठेवली. मला वाटलं रडेल. म्हणाली, "सुमनला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग मला काय सांगत बसला? तिला जाऊन सांग."

पण उठून गेली नाही. मी मुळं कापली, ती माती टाकत गेली, मी काडीनं खोचत गेलो. तारेनं बांधताना तिनं बोटानं खोड धरलं. ज्या झाडाला वढ्याला टाक म्हणत होती.

४ एप्रिल

गेलो.

ती माहेरच्या घरी नव्हती. तिच्या भावानं सांगितलं, नारायणगाव रस्त्याला नर्सरीत कामाला जाते, टोमॅटोची रोपं. दोन महिने झाले. मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायचं कारणही नव्हतं.

हिरव्या जाळीचं शेड. आत उकाडा. बायका ओळीनं उभ्या राहून ट्रेमध्ये बी टोचत होत्या. ती कडेला. मला बघून थांबली नाही. हातातला ट्रे पुरा केला, हात पुसले, मग आली. वाळली आहे. उन्हानं काळवंडली आहे. बरी दिसते. म्हणजे, दुःखी दिसेल असं मला वाटत होतं, तशी नव्हती.

"झाडाचं काही झालं का?"

"नाही. झाड बरं आहे."

मग सांगितलं. रिपोर्ट बरोबर नेला होता, तो दिला. तिनं उघडला, वाचला, वरची तारीख परत वाचली. घडी घातली. घडीवर घडी घालत राहिली, कागद अगदी लहान होईपर्यंत.

"चार वर्षं," म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी पडद्याजवळ मी विचारलं, तेव्हापण तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला रात्रंदिवस वाटायचं, माझ्या हातून काय झालं. मी झाडाला पण विचारलं हो. खरंच. एकदा वर जाऊन विचारलं, तुझ्यामुळं का रे?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. कागद परत दिला. "जा आता. पावणेपाचची गाडी आहे, नंतरची थेट नाही."

मी म्हणालो, "सुमन, मी..."

"जा म्हणलं ना."

२० एप्रिल

वडाची सगळी पानं गळाली. एक उरलं नाही. काड्या नुसत्या. खरवडून बघायचं धाडस होत नाही.

पत्र नाही. मी पण टाकलं नाही. आता कशाच्या आधारानं टाकू?

३ मे

आज खरवडलं. डावीकडची मोठी फांदी, वायर रुतलेली, आत तपकिरी. मेली. खोडावर मात्र हिरवं आहे. ओलं हिरवं. बोटाला चिकटलं. तसंच बोट घेऊन दुकानात गेलो.

११ मे

आज स्टँडवर निळ्या काठाचं पातळ दिसलं, तिच्यासारखं. मागनं चाललो. पार भाजीबाजारापर्यंत. चेहरा बघायची गरज नव्हती, चालण्यावरूनच कळलं होतं ती नाही. तरी चाललो.

घरात तिचं जे जे राहिलंय ते आई हलवत नाही, मी पण नाही. न्हाणीत शिकेकाईचा डबा. दाराच्या मागं तिची गच्चीवर घालायची चप्पल, माती लागलेली.

१६ मे

फुटवा! खोडाच्या वरच्या अंगाला, टाचणीच्या डोक्याएवढा, तांबूस. मग बघितलं तर आणखी पाच, सगळे मिळून सहा. कापल्या जागेच्या जवळजवळच.

एकटाच होतो गच्चीवर. "अहो, वर या, फुटवा आलाय" – ती असं ओरडायची आणि मी खालून म्हणायचो, येतो येतो. दहा वेळा तरी झालं असेल. एकदाही गेलो नाही.

कार्ड टाकलं. सहा फुटवे आलेत, एवढंच.

९ जून, वटपौर्णिमा

वडील गेल्यापासून आई स्वतः पूजत नाही, तरी दरवर्षी बायकांबरोबर गावाबाहेरच्या वडाखाली जाते. या वर्षीही गेली. जाताना म्हणाली, "आज आत्याबी यायचीय हितं."

दुपारी आली ती घामेजलेली, तोंड लाल. पाणी प्यायली. म्हणाली, "सांगितलं मी."

"काय?"

"सगळ्यांना. सूत गुंडाळताना बाया परत सुमनचं बोलाया लागल्या. म्हणलं, माझ्या सुनंत काय दोष न्हाई, माझ्या लेकात हाय. पुण्याच्या डॉक्टरचा कागद हाय. तुझ्या आत्याच्या हातातला फणसाचा गरा खाली पडला."

मी तांब्या परत भरून दिला. मग म्हणालो, "मला विचारायचं तरी."

"तू काय म्हणला असता?"

जेवायला वाढ, म्हणालो असतो.

१३ जून

दुकानात गावातलं एक जुनं गिऱ्हाईक. मोटार ठेवली, तंबाखू मळत बसला. जाता जाता, "भाऊ, ते बाया काय बोलत्यात ते खरं हाय का?"

"खरं आहे."

तो गडबडला. म्हणाला, "आसू द्या, राव. मोटार गुरवारपातुर द्या मंजी झालं."

वाटलं होतं जमीन दुभंगेल. गुरुवारपर्यंत मोटार द्यायची आहे, एवढंच झालं.

२ ऑगस्ट

सु.चं पत्र. मार्चनंतर पहिलं.

"फुटव्याला पाच-सहा पानं झाली असतील. दोन ठेवून वरचं खुडा. आईंनी वडाखाली काय सांगितलं ते इकडंपर्यंत आलं. रविवारी १६ तारखेला येते. मुक्काम नाही. – सुमन"

आईला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य गाळलं होतं. तिनं विचारलं, "मुक्कामाला हाय का?" तेव्हा सांगितलं.

१६ ऑगस्ट

आली. साडेदहाच्या गाडीनं. मी स्टँडवर गेलो नाही, नको म्हणाली असती. दाराशी उभा होतो.

आईच्या पाया पडायला वाकली तर आईनं मधेच धरलं. दोघी तशाच उभ्या. कोण काय बोललं मला ऐकू आलं नाही. आई नाक पुसत चुलीकडं गेली.

ती सरळ गच्चीवर. झाड फिरवून चारी बाजूंनी बघितलं. मला वाटलं चांगलं म्हणेल. "माती बरी भरलीय. वरून दाट आलंय. ही फांदी का ठेवली अजून?"

वायरवाली, मेलेली. मी म्हणालो, "तुला विचारल्याशिवाय..."

"मेली ती मेली. विचारायचं काय त्यात." पिशवीतून स्वतःची कात्री काढली आणि खोडालगत कापली. नंतर दोन तास बसून होती. टोकं खुडायची, मागं सरून बघायची, परत खुडायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी. तिनं हात पुढं केला की ओतायचं, चीक धुवायला. दोन तासांत बोलणं नाही. वर्षातले सगळ्यात चांगले दोन तास.

आईनं मासवडी केली होती. जेवली. भांडी घासू दिली नाहीत आईनं.

निघायच्या आधी गच्चीच्या जिन्यावर बसली. म्हणाली, "एक काम आहे. पुण्याला एक संस्था आहे, मूल दत्तक देते. आमच्या नर्सरीतल्या बाईंच्या भावानं तिथून मुलगी आणली. मी एकटी जाऊन विचारून आले. बाईला एकटीला नवरा असताना घेता येत नाही म्हणे. अर्ज नवऱ्याच्या नावानं, बायकोची संमती."

मी खालच्या पायरीवर बसलो.

"मला मुलगी हवीय. तुमच्याकडं राहायला यायचं का नाही, ते मी ठरवलेलं नाही. दोन्ही वेगळं आहे. कळतंय का?"

"कळतंय."

"ते लोक घर बघायला येतात. दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात. एकत्र राहता का, का राहत नाही, सगळं."

"काय सांगायचं?"

ती माझ्याकडं बघत होती. किती दिवसांनी. "खरं सांगायचं. तेवढं जमेल ना आता?"

हो म्हणालो. ताबडतोब.

"नाही म्हणतील बहुतेक. वेगळे राहणाऱ्यांना कोण देईल मूल? पण विचारायचं. गणपती गेले की सोमवारी, ७ तारखेला. मी जुन्नरहून गाडीत असेन. तुम्ही मंचरला चढा."

चप्पल घातली आणि गेली. दारामागची नव्हे, येताना घातलेली.

३० ऑगस्ट

आईला सांगितलं. मला वाटलं म्हणेल कुणाचं कोण, कुठल्या जातीचं. तिनं हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "किती म्हयन्यांची आसंल?" आणि उत्तर मिळायच्या आधीच, "मला न्हाई सोसायची फार लहान, गुडघं दुखत्यात." मग परत, "पन करीन."

६ सप्टेंबर

आत्याचा निरोप, घरात परक्याचं आणलं तर मी उंबरा चढायची नाही. आई म्हणाली, बरं म्हणावं.

कागद गोळा केले. रेशन कार्ड, लग्नपत्रिका, दोघांचा एकत्र फोटो मागतात. घरभर शोधला. लग्नाचा सोडून एकच सापडला, भावाच्या लग्नातला, तिच्या भावाच्या. पंगतीत. ती माझ्या ताटात काहीतरी वाढतीय आणि मी दुसरीकडंच बघतोय.

हाच घेऊन जाणार. दुसरा नाही.

७ सप्टें., मंचर स्टँड, सकाळ

साडेसहाला आलो. वही पिशवीत आणली, वेळ जाईना म्हणून लिहितोय. रिपोर्ट आहे. फोटो आहे. आईनं डबा दिलाय, दोघांचा, तिच्या चपात्या वेगळ्या फडक्यात.

एक जुन्नर-पुणे गाडी येऊन गेली. खिडकी खिडकी बघितली, नव्हती. कंडक्टर म्हणाला मागं अजून एक आहे, भरून येतीय.

तिथं काय विचारतील ते मनात म्हणून बघतोय. पहिला प्रश्न हाच असणार – बायको घर सोडून का गेली? दहा प्रकारे सुरुवात करून बघितली. प्रत्येक वेळी आत्यापासून सुरू होतंय. माझ्यापासून सुरू करायला पाहिजे. मी पेपर वाचत होतो, मला सगळं ऐकू येत होतं, आणि

लाल गाडी वळणावर दिसली. माणसं उठली. पाटी वाचता येत नाही अजून